कोलॅजेन सुरू करण्याआधी माझं बोट बघा

ताई, र्‍हुमॅटॉइड संधिवातावरच्या (यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं) मेथोट्रेक्सेट या औषधाने आईंना मळमळतं, म्हणून ते बंद करून कोंबडीच्या कूर्चेपासून काढलेलं टाइप २ कोलॅजेन (सांध्यांच्या कूर्चेतलं प्रथिन) द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. नऊ वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं.

एका सप्लिमेंट केंद्रातल्या बाईंनी (नाव लिहीत नाही) समजावलं, शरीर ज्यावर उलटलंय तेच थोडं थोडं पोटातून दिलं की आतड्यातल्या पेशी त्याला आपलं मानायला शिकतात. कल्पना खरी आहे, म्हणूनच मी भुलले. याला ओरल टॉलरन्स म्हणतात. १९९३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी ६० रुग्णांना तीन महिने हे कोलॅजेन दिलं, सांध्यांची सूज उतरली. बाईंनी तोच पेपर पुढे केला. १९९८ ची चाचणी मात्र दाखवली नाही: २७४ रुग्ण, २० ते २५०० मायक्रोग्रॅमचे चार डोस, आणि फरक पडला तो फक्त सगळ्यात लहान डोसला, तोही एकाच निकषावर. जास्त घेतलं की जास्त गुण, हा हिशोब इथे लागू नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीर मज्जातंतूंवरच्या आवरणावर, म्हणजे मायलिनवर उलटतं; त्यासाठी याच कल्पनेवर गाईच्या मायलिनच्या कॅप्सूल निघाल्या होत्या, त्याही १९९७ मध्ये पाचशेवर रुग्णांच्या चाचणीत प्लॅसिबोपुढे (औषध नसलेल्या नकली कॅप्सूलपुढे) टिकल्या नाहीत.

माझी घोडचूक ही, की डॉक्टरांना न विचारता मी मेथोट्रेक्सेट सोडलं. मळमळ गेली, ती मी कोलॅजेनची किमया समजले. चौथ्या महिन्यात कुकरचं झाकण फिरवता येईना, दुधाची पिशवी दाताने फाडायचे. उजव्या मधल्या बोटाच्या मुळाशी हाडाची कड कुरतडल्यासारखी झाली, एक्स-रेत स्पष्ट दिसते. औषध परत सुरू केल्यावर सूज उतरली, बोट मात्र वाकडंच राहिलं. केंद्रात सांगायला गेले तर "सहा महिने तरी घ्यायला हवं होतं" म्हणत नवा डबा समोर ठेवला! आजही आठवलं की जीव जळतो.

मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचं शरीर वेगळं. पण मळमळीसाठी औषध सोडणं मला साफ चूक वाटतं. फॉलिक अ‍ॅसिडचं विचारा, गोळीऐवजी इंजेक्शन चालेल का तेही विचारा, मला त्यानेच आराम पडला. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, वार पाकिटावर ठळक लिहून ठेवा.

दुधात कालवायची कोलॅजेन पावडर तर वेगळीच. तिच्यातलं प्रथिन आधीच तुकडे केलेलं असतं, या संशोधनाशी तिचा संबंध नाही.

आईंच्या हातांचा शेवटचा एक्स-रे कधीचा आहे? आणि गोळ्या अजून चालू आहेत ना, तेवढं आज कळवा.