काँक्रीट ओतण्याच्या आधी इंजिनिअरला फोन करा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. वाईजवळ सासऱ्यांचं कृषी पर्यटन केंद्र, त्यात २४ सीटचा नवा पेंड्युलम पाळणा (घड्याळाच्या लंबकासारखा झुलणारा), दिवाळीच्या सुट्टीची जाहिरात गावोगाव लागलेली, आणि तपासणीला आलेला इंजिनिअर "पायाचे कागद दाखवा" म्हणत सही न करताच परत गेलेला. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. इंजिनिअर बदलू का, आणि तोवर ट्रायल म्हणून गावातल्या पोरांना फुकट बसवून सुरू करू का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो : अजिबात नको. ट्रायलला वाळूची पोती बसवतात, पोरं नाही. पहिल्याचं उत्तर द्यायला मला माझी फजिती सांगावी लागेल.

आमचं घर पाळणेवाल्यांचं. वडील खरसुंडी, पुसेगाव, जतची यल्लम्मा अशा यात्रा करायचे, हातानं फिरवायचा लाकडी पाळणा घेऊन. मी लोखंडी आकाशपाळण्याखाली झोपून मोठा झालो. आता सांगलीजवळ एक छोटं पार्क आहे. मी इंजिनिअर नाही, वकील तर नाहीच, डिप्लोमासुद्धा अर्धवट. त्यामुळे मी सांगतो ते अनुभव म्हणून घ्या आणि तुमच्या माणसाला विचारूनच करा. एनए (बिगरशेती परवानगी), ग्रामपंचायत, वीज निरीक्षक वगैरे तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही. (फायरचा बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यायचा असतो. जुलैचा सगळे विसरतात, मीसुद्धा.)

तर २०१८ चा जून. तुमच्यासारखाच पेंड्युलम, परराज्यातल्या कारखान्याकडून. त्यांनी पायाचं एक पानी ड्रॉइंग पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "चाळीस ठिकाणी हाच पाया आहे, काही टेन्शन नाही." मृग निघायला दोन दिवस. खड्डा खणलेला, सळई बांधलेली, वर ढग जमलेले. मिस्त्री म्हणाला, "मालक, आज ओतलं नाही तर उद्या खड्ड्यात पोहायला लागंल." ओतलं. संध्याकाळपर्यंत फाउंडेशन बोल्ट टेम्प्लेटमध्ये सरळ उभे, वर गोणपाट, मिस्त्रीला चहा आणि वर पाचशे. आपण फार हुशारी केली असं वाटलं.

ऑगस्टमध्ये पाळणा उभा राहिला. रंग, लायटिंग, स्पीकर, सगळं. तपासणीचे साहेब आले. हातात एवढीशी हातोडी. प्रत्येक बोल्टवर टक् करायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. मग ओट्यावर बसून एकेक विचारत गेले. माती तपासली? नाही. सळई किती एमएमची, किती अंतरावर? ड्रॉइंगप्रमाणे. बघितली कुणी? मिस्त्रीनं. ओतताना क्यूब, म्हणजे मजबुती तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरले? नाही. फोटो?

फोटो एकच निघाला. पुतण्याचा त्या दिवशी वाढदिवस होता, त्यानं खड्ड्यात उतरून सेल्फी काढला होता. मागं कमरेपर्यंत सळईची जाळी. साहेबांनी तो मोबाईल घेतला, फोटो मोठा केला आणि पुतण्याच्या खांद्यामागच्या सळया मोजल्या. सात दिसल्या. आठवी पुतण्याच्या मागं होती की नव्हतीच, ते आजवर ठरलेलं नाही. मोबाईल परत देत म्हणाले, "पाळणा चांगला आहे हो. पण तो ज्याच्यावर उभा आहे ते मला दिसत नाही. सही कशाच्या जोरावर करू?"

मला राग आला. वाटलं, पाकीट पाहिजे असणार. तसं नव्हतं, हे कळायला मला सहा महिने लागले.

त्यांचं म्हणणं मला नंतर एका शिक्षक मित्रानं समजावलं. पेंड्युलमचं नुसतं वजन धरून पाया करत नाहीत. तो आडव्यापर्यंत, म्हणजे ९० अंशांपर्यंत गेला आणि खाली आला, की तळाशी साध्या लंबकाच्या हिशेबानं वजनाच्या तिप्पट ओढ बसते. शिवाय प्रत्येक झोक्याला एका बाजूचे बोल्ट वर उपसले जातात, मग दुसऱ्या बाजूचे. दिवसभर हेच. आणि आमची काळी माती! पावसाळ्यात फुगते, एप्रिलमध्ये अशी भेगाळते की हात आत जातो. चाळीस ठिकाणचा पाया असेलही, पण त्या चाळीसांत काळ्या रानातले किती, हे मी विचारलंच नाही.

आता दुसरी चूक, म्हणजे तुमचा पहिला प्रश्न. मी इंजिनिअर बदलला. असा मिळाला की जागेवर न येता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंवर दोन दिवसांत दाखला दिला. तो दाखला परवान्याच्या फाईलला जोडला आणि फाईल सरकारी कार्यालयात आत गेली. तीन महिन्यांनी एका क्लार्कनं बोट ठेवलं : दाखल्यात पाळण्याचं नाव "ब्रेकडान्स", म्हणजे भलताच पाळणा. पठ्ठ्यानं जुन्याच दाखल्यावर आमचं नाव टाकलं होतं. त्या दिवसापासून आमची फाईल "संशयित" झाली आणि खऱ्या कागदाकडेसुद्धा सगळे तिरपे बघायला लागले.

त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून तिथंच जायचंय. पण बोलल्याशिवाय राहवत नाही. एक टेबल म्हणे, पाळण्याचा विषय आमचा नाही, त्यांचा अभिप्राय आणा. ते टेबल म्हणे, अभिप्राय मागणारं पत्र आणा. पत्र एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला अकरा आठवडे! शेवटी "हस्तपोच" लिहून घेऊन मीच जिना चढलो, चाळीस पायऱ्या असतील. दर वेळी एकच त्रुटी काढायची, ती पुरी केली की पुढची. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब बदलले. नवीन साहेबांना फाईल पहिल्या पानापासून. तुमच्या जिल्ह्यात तर २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला चेंगराचेंगरीत जवळपास ३०० माणसं गेली. तेव्हापासून गर्दीच्या कागदावर अधिकाऱ्यांचं पेन सावकाश चालतं असं माझं मत आहे, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. दोष आहे तो तुकड्यातुकड्यानं त्रुटी काढण्याला. म्हणून एक करा : "सर्व त्रुटी एकत्रित कळवाव्यात" असा अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तरी खरं सांगायचं तर त्यांना आडोसा मीच दिला. पायाचे कागद पक्के असते तर भांडायला तरी तोंड होतं.

शेवट काय झाला? हातोडीवाल्या पहिल्याच साहेबांकडे परत गेलो. ते एक शब्द टोचून बोलले नाहीत, ते जास्त लागलं. कोअर (पायातून कापलेले काँक्रीटचे गोल नमुने) काढले, स्कॅनरनं सळई बघितली, पायाची खोली ड्रॉइंगपेक्षा कमी निघाली. पाळणा खोलला. ब्रेकर चार दिवस चालला. घरात बसून तो आवाज ऐकायचा म्हणजे काय, ते कर्ज काढलेल्या माणसालाच कळेल. मग माती तपासणी, काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खोदाई, नवं डिझाईन. ओतताना साहेबांचा माणूस खड्ड्याच्या काठावर उभा, क्यूब भरले, ७ आणि २८ दिवसांचे रिपोर्ट आले. पाळणा सुरू झाला मे २०१९ मध्ये. दिवाळी गेली, नाताळ गेला, उन्हाळ्याची सुट्टीही अर्धी गेली. हप्ता मात्र एकही चुकला नाही, बँकेला मृग कळत नाही.

दोनच महिन्यांनी, १४ जुलै २०१९ ला, अहमदाबादला कांकरिया तलावाजवळ असाच पेंड्युलम चालू असताना तुटून पडला, माणसं दगावली. टीव्हीवर ते दृश्य बघताना मी उभाच राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन केला, उगाच, तब्येत विचारायला. ऑगस्टच्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि धंदाच बंद झाला, ती वेगळी कथा.

लोक म्हणतात, नियम आता फार झाले. राजकोटच्या गेम झोनच्या आगीनंतर, मे २०२४ नंतर, गुजरातनं नियम कडक केले आणि तिकडच्या जन्माष्टमीच्या मेळ्यात पाळणेवाले आरसीसी पायाच्या अटीवरून अडून बसले. मी यात्रेतला माणूस, मला त्यांचं दुखणं कळतं. पाच दिवसांच्या मेळ्याला काँक्रीट कुठं ओतायचं? पण तुमचा-माझा पाळणा कायमचा, आपल्याला ती सबब नाही. आणि उशीर मोठ्यांनाही चुकत नाही. अमेरिकेत सीडर पॉइंट पार्कात 'टॉप थ्रिल २' हा ४२० फुटी रोलर कोस्टर मे २०२४ मध्ये सुरू केला, आठवड्याभरात गाड्यांमधला दोष लक्षात आला आणि अख्खा हंगाम बंद ठेवला. पाळण्यांच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १७८४२. त्याचा तिसरा भाग तपासणीचा आहे, आणि ती तपासणी डिझाईनपासून धरलीय. पाळणा उभा राहिल्यावर साहेबांना बोलवायचं, ही पद्धत आपली.

विषय सोडून दोन गोष्टी. सीटचा लॉक नीट बसलाय की नाही ते सांगणाऱ्या सेन्सरला कुणालाही हात लावू देऊ नका. जाड गिऱ्हाईक आलं की ऑपरेटर "थोडं ॲडजस्ट करतो" म्हणतात. २०२२ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोच्या एका पाळण्यावर नेमकं तेच केलेलं निघालं, १४ वर्षांचा मुलगा गेला. दुसरं वाऱ्याचं. आमच्या मॅन्युअलमध्ये सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरच्या वर पाळणा बंद असं लिहिलंय. तुमच्याकडं पाचगणीच्या घाटातून येणारा वारा अंदाजानं मोजू नका. वारा मोजायचं यंत्र घ्या आणि आकडा रोज वहीत लिहायला लावा. ड्रॉइंगवर भूकंपाचा झोन कुठला धरलाय तेही बघा, कोयना तुमच्यापासून लांब नाही.

तेव्हा इंजिनिअर बदलू नका. त्यांनाच लेखी विचारा की कोणती चाचणी केली तर समाधान होईल. कदाचित कोअर आणि स्कॅनवर भागेल, फोडावं लागेलच असं नाही, तुमच्याकडं मुरूम असेल तर बरंच. जाहिरातीवरची दिवाळी पुसा, आगाऊ घेतलेले पैसे परत करा, लोक चार दिवस बोलतील.

आणि हे वाचून झाल्याबरोबर खड्ड्याचे फोटो गोळा करायला लागा. मिस्त्री, सळई बांधणारे, मिक्सरवाला, ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये शोधा. मी मागायला गेलो तोवर आमच्या मिस्त्रीनं मोबाईल विकून टाकला होता.