वाचकांचे प्रश्न : स्नायू थकला, की औषधाने अडवला?

प्रश्न : रॅटच्या श्वासपटलाची पट्टी फ्रेनिक चेतेसह (श्वासपटल हलवणारी चेता) काढून ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊती जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यात, टांगतो. चेतेला झटके दिले की स्नायू आखडतो, पण औषध घालण्याआधीच आलेख उतरायला लागतो. मग नंतरची घट औषधाचीच, हे कशावरून म्हणायचे?

उत्तर : १९४६ साली औषधशास्त्रज्ञ एडिथ ब्यूलब्रिंग यांनी ही पद्धत मांडली. श्वासपटलाचा स्नायू पातळ असतो, त्यामुळे द्रावणातला ऑक्सिजन आतपर्यंत पोचतो. जाड स्नायू असता तर त्याचा गाभा आधी मेला असता. पण म्हणूनच हवा कमी पडली की परिणाम लगेच दिसतो. कार्बोजेन (९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) सतत बुडबुडत राहिला पाहिजे आणि तापमान ३७ अंशांवर स्थिर हवे. क्रेब्स द्रावणात (बाथमधले क्षारांचे द्रावण) कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, कार्बोजेन काही मिनिटे सोडल्यावर, विरघळलेल्या रूपात थेंबाथेंबाने घाला. आधी घातलेत तर कॅल्शियमचा साका बसतो, द्रावण दुधाळ दिसते. अशा द्रावणात चेतेच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन (चेतेचा संदेश स्नायूला पोचवणारे रसायन) कमी सुटते आणि तुम्ही दोष औषधाला देता.

चेता चिमट्यात धरू नका. तिच्या टोकाशी ऊतीचा छोटा तुकडा राहू द्या, दोरा त्याला बांधा. स्नायूला सुमारे १ ग्रॅमचा ताण देऊन, मधूनमधून द्रावण बदलत अर्धा तास थांबा. सुरुवातीची थोडी घसरण नेहमीचीच. आलेख सपाट झाल्याशिवाय औषध घालायचे नाही, घाई असली तरी.

आता मुख्य कसोटी. चेतेला दर १० सेकंदांनी ०.२ मिलिसेकंदाचा झटका द्या. मधेच थेट स्नायूला सुमारे २ मिलिसेकंदांचा, जास्त व्होल्टेजचा झटका देऊन बघा. थेट झटक्याला स्नायू पूर्वीइतकाच उसळला, चेतेमार्फत मात्र नाही, तर अडथळा चेतेत किंवा चेता-स्नायू जोडणीत आहे. दोन्ही उतरले तर स्नायूच खालावला. औषधाबद्दल काहीही लिहू नका. ट्यूबोक्युरारिन (स्नायूवर ॲसिटिलकोलीनचा परिणाम होऊ न देणारे औषध) पहिल्या प्रकारात मोडते, आणि तो अडथळा ॲसिटिलकोलीन मोडू न देणाऱ्या नियोस्टिग्माइनने बऱ्यापैकी सुटतो. निओमायसिनसारख्या प्रतिजैविकाने आलेला अडथळा कॅल्शियम वाढवल्यावर जास्त चांगला सुटतो, कारण तिथे मुख्यतः ॲसिटिलकोलीन सुटणेच अडलेले असते.

एक फसवी चूक : चेतेच्या इलेक्ट्रोडचे व्होल्टेज फार वाढवले की प्रवाह द्रावणातून गळून थेट स्नायूला लागतो. मग ट्यूबोक्युरारिन ‘काम करत नाही’ असे वाटते. कमाल प्रतिसादाला लागते त्याहून थोडेच जास्त व्होल्टेज पुरे.

प्रश्न : सूज कमी करणारे औषध तपासायला कॅरॅगीननने (सागरी शेवाळातला, सूज आणणारा पदार्थ) रॅटचा पंजा सुजवतो, पण एकाच गटात सूज कमीजास्त येते.

उत्तर : बहुतेक वेळा दोष सुईचा आणि मापाचा. १ टक्का कॅरॅगीनन ०.१ मिलिलिटर, मागच्या पंजाच्या तळव्याखाली, त्वचेखालीच जायला हवे. द्रावण आदल्या दिवशी भिजवून ठेवा, गुठळ्या राहिल्या तर मात्रा चुकते. घोट्यापाशी शाईची रेघ मारा आणि प्रत्येक मापाला पंजा मापाच्या भांड्यातल्या द्रवात त्या रेघेपर्यंतच बुडवा. मापणारा हातही एकच असू द्या. पहिल्या तासाभरातल्या सुजेत हिस्टामीन, सेरोटोनिन यांचा वाटा मोठा, तिसऱ्या तासाच्या आसपास प्रोस्टाग्लँडिनचा. म्हणून एकाच वेळचे माप घेणाऱ्याला इंडोमेथासिन (प्रोस्टाग्लँडिन बनू न देणारे औषध) पहिल्या तासाला निकामी वाटेल आणि तिसऱ्या तासाला गुणकारी.

प्रश्न : चेता स्वतः सूज आणू शकते का?

उत्तर : आणू शकते. पायाच्या सॅफीनस चेतेला उलट दिशेने, म्हणजे त्वचेकडे, झटके दिले तर सी-तंतूंच्या (वेदना नेणारे बारीक चेतातंतू) टोकांतून सबस्टन्स पी हे रसायन सुटते आणि वाहिन्यांमधून द्रव पाझरतो. शिरेत आधी इव्हान्स ब्लू हा निळा रंग सोडलेला असेल तर तो रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून बाहेर येतो, त्वचा निळी पडते. तो तुकडा फॉर्मामाइडमध्ये भिजवून रंग ६२० नॅनोमीटरवर मोजा. पण त्याआधी रक्तवाहिन्या सलाइनने धुऊन घ्या, नाहीतर वाहिन्यांत उरलेला रंगही पाझर म्हणून मोजला जाईल.