आठ-दहा हजारांत दुर्बीण: शिकाऱ्यांचा सल्ला आपल्या माळरानावर किती चालतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. राहणं दौंडला, बजेट आठ हजार, फार ताणलं तर दहा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारे आणि हिवाळ्यात भिगवणचे पाणपक्षी बघायचेत. चष्मा आहे. माहिती शोधायला गेलात तर स्वस्तातल्या दुर्बिणींवर जे काही सापडतं ते सगळं अमेरिकन शिकाऱ्यांनी शिकाऱ्यांसाठी सांगितलेलं, आणि ते म्हणतात 10×42. इकडे दुकानदार 20×50 पुढे करतोय आणि तुमचं मन त्या वीसपटाकडे ओढतंय.

वीसपट घेऊ नका. बाकी उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका.

मी घेतली होती. नोकरी लागल्यावर पहिल्या तीन पगारांतून थोडे थोडे बाजूला टाकून अशीच एक 20×50 उचलली आणि पुढच्याच रविवारी भिगवणजवळच्या कुंभारगावला होडीत जाऊन बसलो. नावाडी म्हणतोय, "ते बघा पट्टकादंब, डाव्या अंगाला." मी बघतोय तर पाणी, आभाळ, पाणी, परत पाणी, मध्येच कुणाची तरी म्हैस. होडी जराशी डुलली की अख्खं दृश्य भूकंप झाल्यासारखं. तासाभरात डोकं ठणकायला लागलं. दुकानात परत गेलो तर ऐकायला मिळालं, "सवय होईल साहेब." सवय झाली नाही. ती दुर्बीण आजही माळ्यावर आहे.

यात दुर्बिणीचा दोष कमी, माझ्या हिशेबाचा जास्त. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला किती पट दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. 8×42 चं उत्तर येतं सव्वापाच, 20×50 चं अडीच. डोळ्याकडच्या भिंगातून प्रकाशाची जी गोल टिकली बाहेर पडते, तिचा हा व्यास. तिला एक्झिट प्यूपिल म्हणतात. भर दुपारी आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची असते, म्हणून दुकानात ट्यूबलाइटखाली किंवा रस्त्यावरच्या उन्हात दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. पहाटे सहाला बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत उघडते आणि तिला टिकली मिळते अडीचची. क्षेत्रफळाच्या हिशेबाने जेमतेम चौथा हिस्सा प्रकाश आत जातो. चिंकारा तर नेमका त्याच वेळी उघड्यावर चरत असतो.

दुसरी गोष्ट दृश्याच्या रुंदीची. चांगल्या 8×42 मधून हजार मीटरवर साधारण 125 ते 140 मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. 20×50 मधून पन्नास-पंचावन्न. पन्नास मीटरवरच्या बाभळीत वटवट्या उड्या मारतोय असं समजा. आठपटीत सात मीटरचा वर्तुळाकार तुकडा समोर येईल, म्हणजे जवळजवळ अख्खी बाभूळ. वीसपटीत एक फांदी. ती फांदी कुठली हे शोधेस्तोवर वटवट्या शेजारच्या झाडावर. आणि माळरानावर सकाळी दहानंतर जमीन तापली की हवा लहरायला लागते. तेव्हा जास्त पट म्हणजे मृगजळच जास्त मोठं. चिंकाऱ्याची शिंगं मोजायला जावं तर शिंगं वितळताना दिसतात.

आता शिकाऱ्यांच्या सल्ल्याचं. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार उरलीच नाही. त्यामुळे ती भाषा आपल्याला परकी वाटते. पण त्यांचा सल्ला टाकाऊ नाही, उलट या किमतीच्या दुर्बिणींचा त्यांच्याइतका कसून वापर क्वचितच कुणी करत असेल. तिथल्या बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला मुभा असते. म्हणून ते अंधुक उजेडातल्या दिसण्यावर एवढा जोर देतात, आणि तिथं त्यांचं अगदी बरोबर आहे. फक्त सांगणारा कुठला आहे ते बघा. पश्चिमेकडच्या उघड्या डोंगराळ राज्यांतला शिकारी एका टेकाडावर ठाण मांडतो आणि समोरचं खोरं तासन् तास न्याहाळतो. त्याला दहापट, बारापट लागते, कधी कधी पंधरापट, पण ती तिकाटण्यावर लावलेली. पूर्वेकडच्या दाट जंगलात हरीण साठ-सत्तर मीटरवर झाडोऱ्यातून निघतं. तिथले लोक सात-आठपटीवर खूश असतात. 10×42 हा त्या दोघांमधला तोडगा. तुम्ही फक्त मयूरेश्वरला जाणार असता तर मीही दहापट घ्या म्हटलं असतं, सुप्याचं माळ उघडं आहे. पण भिगवणची डुलणारी होडी आणि घराशेजारची झाडंझुडपं धरली तर 8×42 च.

त्यांच्याकडून घेऊ नये अशी एक गोष्ट म्हणजे 'ट्वायलाइट फॅक्टर'. जाहिरातीत हा आकडा मोठ्या दिमाखात छापलेला असतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढतात: 8×42 चा अठरा, 20×50 चा जवळपास बत्तीस. म्हणजे या हिशेबाने माझी माळ्यावरची दुर्बीण संध्याकाळसाठी सर्वोत्तम! भिंग स्वच्छ आहे की बाटलीच्या बुडाचं, हे त्या सूत्राला कळत नाही. पानापाचोळ्याची नक्षी छापलेल्या दुर्बिणीला जास्त पैसे पडत असतील तर तेही देऊ नका. चिंकारा तुमची हालचाल आणि वास टिपतो, दुर्बिणीचा रंग नाही.

भिंगांवरच्या लेपाबद्दल मात्र चौकशी कराच. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर शंभरातला सहासष्टच डोळ्यापर्यंत पोचतो. एकेरी लेपाने ही गळती पृष्ठभागामागे दीड टक्क्यावर येते, चांगल्या बहुपदरी लेपाने अर्ध्या टक्क्यावर. म्हणजे तेच दहा पृष्ठभाग, पण पोचतो पंचाण्णव. खोक्यावर 'फुली मल्टिकोटेड' असेल तर सगळ्या पृष्ठभागांवर बहुपदरी लेप आहे. नुसतं 'कोटेड' म्हणजे कुठंतरी, कसातरी. लालभडक चमकणारी भिंगं दिसली की दुर्बीण खाली ठेवा. ती लाल प्रकाश परत फेकतात, आत हिरवट-निळसर चित्र येतं. 'डे अँड नाइट व्हिजन' लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणीत रात्रीचं काही दिसत नाही. आणि तळहातावर मावणारी '30×60' कुणी दाखवली तर पुढच्या भिंगाला पट्टी लावा, जेमतेम वीस-बावीस मिलिमीटर भरेल. साठ कुठून आले ते छापणाऱ्याला ठाऊक.

दुर्बिणींचे प्रकार दोन. पोरो म्हणजे जुन्या सिनेमातल्या लष्करी अधिकाऱ्याच्या गळ्यातली, रुंद खांद्यांची. इग्नात्सियो पोरो या इटालियन माणसाची ही प्रिझमची जुळणी 1854 सालची. रूफ म्हणजे सरळ नळ्यांची, सुटसुटीत. बहुतेक रूफमध्ये प्रिझमच्या एका पृष्ठभागावर आरशाचा मुलामा द्यावा लागतो आणि चित्र धारदार हवं तर 'फेज कोटिंग' नावाचा आणखी एक लेपही लागतो. दोन्हींना खर्च येतो. पोरोला दोन्ही नकोत. म्हणून कमी पैशांत पोरो जास्त चोख चित्र देते, हे अजूनही खरं आहे. निकॉनची अॅक्युलॉन 8×42 हे त्याचं उदाहरण: हजार मीटरवर 140 मीटर रुंदी आणि चित्र उजळ. वजन साडेसातशे ग्रॅम, पाण्यापासून संरक्षण नाही.

तुमचा चष्मा नसता तर मी इथंच थांबलो असतो. चष्मेवाल्याचा डोळा भिंगापासून लांब राहतो, म्हणून 'आय रिलीफ', म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही अख्खं दृश्य दिसतं ते अंतर, किमान पंधरा-सोळा मिलिमीटर हवा. अॅक्युलॉनचा आहे बारा. चष्मा लावून बघितलंत तर कडा कापल्या जातील आणि ती 140 मीटर रुंदी कागदावरच राहील. तुमचा नंबर नुसता दूरचा किंवा जवळचा असेल तर चष्मा काढून बघता येतं, फोकसच्या चाकाने तो नंबर भरून निघतो. सिलिंड्रिकल नंबर मात्र चाकाने भरून निघत नाही. शिवाय दर वेळी चष्मा कपाळावर, मग दुर्बीण डोळ्याला, मग चष्मा परत नाकावर, एवढ्यात शिक्रा निघून जातो. माझा स्वतःचा सिलिंडर दीडचा आहे, त्यामुळे हा अनुभव पुरेपूर घेतला आहे.

म्हणून तुमच्यासाठी निकॉनचीच प्रोस्टाफ पी3 8×42. रूफ प्रकार, आय रिलीफ वीस मिलिमीटरच्या आसपास, वजन पावणेसहाशेच्या आत, पाण्यात पडली तरी हरकत नाही. रुंदी अॅक्युलॉनपेक्षा थोडी कमी, पण चष्म्यातून ती सगळी मिळते. सेलेस्ट्रॉनची नेचर डीएक्स 8×42 हीसुद्धा हातात घेऊन बघा. ती अगदी दोन मीटरवरचंही फोकस करते, म्हणजे परसातली फुलपाखरं दिसतात. किमती सणासुदीला खालीवर होतात, म्हणून आकडे लिहीत नाही. कुणी अमेरिकेहून येत असेल तर व्होर्टेक्सची क्रॉसफायर शिकाऱ्यांच्या तोंडी कायम असते, पण वॉरंटी इथं चालेल का ते लेखी विचारून घ्या.

दुकानात जाल तेव्हा चष्मा लावूनच जा आणि चार गोष्टी तिथंच तपासा. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगातल्या दोन्ही टिकल्या पूर्ण गोल दिसायला हव्यात. कडा कापल्यासारख्या, राखाडी, चौकोनी दिसल्या तर प्रिझमची काच हलकी आहे. मग रस्त्यावरची विजेची आडवी तार बघा, आणि बघता बघता दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब न्या. तार दोन ठिकाणी फुटली, एक वर एक खाली, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. माझ्या डोकेदुखीचं कारण हेच होतं, पण ते कळायला मला चार वर्षं लागली. तिसरं, फोकसचं चाक दोन्हीकडे फिरवा, मध्ये कुठं सैल पडता कामा नये. चौथं, एकाच मॉडेलचे दोन नग मागा आणि त्यातला बरा निवडा. या किमतीत नगानगांत फरक असतो. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत असेल तिथूनच घ्या, आणि याच चाचण्या घरी करा.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी उजव्या डोळ्याची कडी जुळवून घ्या. उजवा डोळा झाकून डाव्याने लांबची पाटी बघत मधल्या चाकाने फोकस करा. मग डावा झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. कित्येकांना दुर्बीण 'एवढी काही खास नाही' वाटते, कारण ही कडी जन्मात कधी फिरवलेलीच नसते. चष्मा लावून बघणार असाल तर रबरी कप खाली दाबलेले हवेत. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही, दुर्बीण नजरेच्या आड आणायची. आधी दुर्बीण लावून मग शोधायला गेलात तर माझ्यासारखी म्हैस दिसेल.

बरोबर आलेला बारीक गोफ काढून रुंद पट्टा लावा, मान दुखत नाही. कोरडं भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ कापड. दौंडला बुरशीचा त्रास कमी, पण पावसाळ्यात कोकणात घेऊन गेलात तर आल्यावर पिशवीत कोंबून ठेवू नका. बुरशी भिंगावरचा लेप खाते, साफ केली तरी डाग राहतो. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या चार पुड्या, एवढं पुरतं. घरात डब्यावरून कुरबुर होईल, तेव्हा डबा आधीच नवीन आणा.

भिगवणला जाण्याआधी लिहा. कुंभारगावला सकाळी उन्हाकडे पाठ करून बसता येईल अशी होडी कशी सांगायची ते सांगतो.