२९१ की २४३? आधी कच्चे तक्ते काढून पाहा

आपण लिहिले आहे की नागपूरच्या शंकरनगर चौकात उजवीकडे वळणाऱ्या दुचाकी आपण आणि आपल्या मैत्रिणीने एकाच तासात, शेजारी उभे राहून मोजल्या. आपली संख्या २९१ आली आणि तिची २४३. महाविद्यालयाला स्वच्छ प्रत हवी असल्याने आता कोणता आकडा उतरवावा, असा आपला प्रश्न आहे. मी संख्याशास्त्राचा पदवीधर नाही, वाहनगणतीच्या कामावर बरीच वर्षे उन्हात उभा राहिलेला माणूस आहे; तेव्हा पुढचे त्या बेतानेच घ्यावे.

कोणताही आकडा निवडण्याआधी, आणि सरासरी तर मुळीच न काढता, मैत्रिणीचा मूळ तक्ता पाहावा. ताळ्याच्या (टॅलीच्या) खुणांत चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना छेदणारी तिरपी असते, पण घाईत अनेक जण पाच उभ्या ओढून मग तिरपी मारतात आणि बेरजेच्या वेळी सहांचा तो गट पाचाचाच धरतात. २९१ म्हणजे सहाचे ४८ गट आणि वर ३ रेघा. तेच गट पाचाचे धरले, तर २४० अधिक ३, म्हणजे नेमके २४३ होतात. हा निव्वळ योगायोगही असू शकेल, परंतु मूळ कागद हाती असेल तर पाच मिनिटांत निकाल लागेल.

म्हणूनच स्वच्छ प्रतीच्या आग्रहाची मला चीड आहे. ज्या कार्यालयासाठी आम्ही गणती करत असू, तेथे पेन्सिलीच्या रेघांचे, घामाने मळलेले कागद स्वीकारलेच जात नसत. फक्त बेरजांचा पक्का तक्ता आवक नोंदवहीत चढे आणि कच्चे कागद आमच्या डोळ्यांदेखत रद्दीत जात. पुढे एका चौकाच्या सकाळच्या आकड्यांवर त्याच कार्यालयाने शंका घेतली आणि आमच्याकडे पुरावा मागितला, जो त्यांनीच फेकून दिला होता! फेरगणतीचा आदेश निघेपर्यंत उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि शाळेची रहदारी नसताना त्या सकाळची तुलना करणार तरी कशाशी? देयक तोवर अडकून राहिले ते राहिलेच, आणि चूक कुणाची हे शेवटपर्यंत कुणीही लिहून दिले नाही. तेव्हा पक्की प्रत अवश्य द्यावी, पण कच्च्या तक्त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मूळ कागदही स्वतःजवळच ठेवावेत.

हातात धरून दाबायच्या गणकयंत्राचे किंवा मोबाइलवरील गणकाचे कौतुक मला फारसे नाही. चुकून दोनदा दाबले गेले तर त्याचा मागमूस राहत नाही. कागदावर दर १५ मिनिटांची वेगळी ओळ असली की चूक निदान त्या ओळीपुरती तरी मर्यादित राहते. जेथे एकही वाहन आले नाही तेथे रकाना कोरा न सोडता ० लिहावा, नाहीतर त्या वेळी मोजणारा चहाला गेला होता की काय, हे नंतर कळत नाही. ई-रिक्षा ऑटोरिक्षांत धरायच्या की वेगळ्या, हेही दोघींनी उभे राहण्याआधीच ठरवावे. वर्धा मार्गावर मोजणार असाल तर उड्डाणपुलावरून गेलेली वाहने खालून दिसत नाहीत, हे अहवालात स्पष्ट नमूद करावे.

मैत्रिणीची सवय सुटत नसेल तर तिने चौकोनाच्या चार बाजू आणि एक कर्ण अशी पाचाची खूण वापरून पाहावी; स्पॅनिश भाषक देशांत ती प्रचलित आहे आणि तीत जादा रेघ चटकन डोळ्यांत भरते.

कागद आधीच फेकले गेले असतील, तर २४३ ला ६/५ ने गुणून आकडा 'दुरुस्त' करू नये, कारण सगळेच गट सहाचे होते असे कुणी सांगावे? त्याच वारी, त्याच वेळी तो एक तास पुन्हा मोजावा, आणि अहवालात दोन्ही तारखा लिहाव्यात.