वाहन-सल्ला : नवे टायर घेण्याआधी जुन्यांची झीज बघा

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे टायरविषयीची पत्रे वाढू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. नाशिकच्या पत्रात बहुतेक वाचकांच्या शंका एकत्र आल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आमच्याकडे पाच वर्षे जुनी, सात आसनी, फ्रंट व्हील ड्राइव्ह डिझेल एसयूव्ही आहे. टायरचा आकार २३५/६५ आर १७ असून गाडी सुमारे ४२ हजार किलोमीटर चालली आहे. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झाले असून बाहेरून मात्र चांगले दिसतात. मागच्या टायरांची गोटी (रस्त्याला टेकणारी रबरी नक्षी) निम्मी शिल्लक आहे. एका दुकानदाराने २५५/६५ आर १७ हे रुंद टायर सुचवले, तर दुसऱ्याने ऑल टेरेन टायर घ्या म्हणून सांगितले. गाडी बहुतेक शहरात, वर्षातून दोनदा कोकणात आणि अधूनमधून समृद्धी महामार्गाने नागपूरला जाते. दोन टायर बदलावेत की चार, आणि कोणते घ्यावेत? — एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्या वजनाच्या गाडीला टायर ४२ हजार किलोमीटर टिकले, ही तक्रार करण्याजोगी गोष्ट म्हणता येणार नाही. आपल्या पत्रातील महत्त्वाची बाब वेगळीच आहे, ती म्हणजे पुढचे टायर फक्त आतून झिजले आहेत. याचे कारण शोधल्याशिवाय नवे टायर बसवलेत, तर तेही त्याच जागी आणि कदाचित अधिक वेगाने झिजतील. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरचा आतला काठ सहज दिसेल. मग टायरच्या पृष्ठभागावरून तळहात आडवा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत असा फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकत असेल आणि उलट दिशेने गोट्यांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या बोचत असतील, तर चाकांचा टो बिघडला आहे, म्हणजे चाके सरळ न धावता किंचित आत किंवा बाहेर तोंड करून धावत आहेत. कडा बोचत नसतील आणि झीज फक्त आतल्या काठावर उतरती असेल, तर कॅम्बरचा, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून कलल्याचा संशय घ्यावा.

या तपासणीत इतर खुणाही दिसू शकतात. दोन्ही काठ झिजलेले आणि मधला भाग शाबूत असेल, तर हवा सतत कमी ठेवली गेली आहे. मधलाच पट्टा झिजला असेल, तर हवा जास्त होती. ठरावीक अंतरावर खळगे पडले असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर थकले आहेत किंवा चाकांचे बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) बिघडले आहे, असे समजावे.

आपल्याकडील रस्त्यांवर आतल्या बाजूची झीज फार सामान्य आहे. खड्ड्यात आदळून चाकाला धरून ठेवणारे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड, सैल होतात आणि गाडी उभी असताना बरोबर असलेले कोन धावताना बदलतात. अशा अवस्थेत नुसते अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. आधी जॅकवर गाडी उचलून या भागांमधली ढिलाई तपासून घ्यावी, लागतील ते भाग बदलावेत आणि त्यानंतरच अलाइनमेंट करावे. अलाइनमेंट झाल्यावर यंत्रातून निघणारा आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा. जो दुकानदार ‘सगळं हिरवं आलंय’, म्हणजे सगळे कोन मर्यादेत आहेत, एवढेच सांगून कागद द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दोन की चार. पुढचे टायर बदलणे तर भागच आहे. गोट्यांमधल्या खोबणीत तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे पृष्ठभाग व बाजू मिळतात त्या काठावर, त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे त्यांची जागा दाखवतात. गोटी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार टायर बाद झाला. ही मर्यादा टायरच्या एका काठालाही लागू आहे असे समजूनच चालावे. बाहेरून पाच मिलिमीटर गोटी दिसते म्हणून आतून गोटा झालेला टायर चालवू नये. किंबहुना सह्याद्रीच्या पावसात घाट उतरायचा असेल, तर १.६ पर्यंत थांबूच नये. खोबणीतून पाणी बाहेर फेकण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी कमी होते, म्हणून तीन मिलिमीटर गोटी उरली की नव्या टायरचा विचार सुरू करावा.

मागचे टायर निम्मे शिल्लक आहेत आणि गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, तेव्हा दोन नवे टायर घेऊन काम भागेल. मात्र ते नवे दोन मागे बसवा आणि मागचे अर्धे झिजलेले पुढे आणा. ‘ओढणारी चाके पुढची, ब्रेकचा भार पुढे, मग नवे टायरही पुढेच’ हा आपल्याकडे रुजलेला समज आहे आणि अनेक दुकानेही तसेच करून देतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी वळणात सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करताच बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची चाके सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरू लागते, आणि ती सावरणे सामान्य चालकाला जवळजवळ अशक्य असते. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा मदत करते. परंतु जिथे टायरची पकडच उरलेली नाही, तिथे ही यंत्रणाही पकड निर्माण करू शकत नाही. आपली गाडी ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी असती, तर मी चारही टायर एकत्र बदलायला सांगितले असते, कारण घेरातला फरक त्या यंत्रणेला सोसत नाही.

आकाराच्या बाबतीत २५५/६५ आर १७ घेऊ नये. यात पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि शेवटचा रिमचा इंचांतला व्यास असतो. २३५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर, तर २५५/६५चा सुमारे ७६३ मिलिमीटर भरतो. म्हणजे फरक साडेतीन टक्क्यांचा आहे. स्पीडोमीटर आज जो वेग दाखवतो, त्यापेक्षा प्रत्यक्ष वेग त्याच प्रमाणात वाढेल, पूर्ण वळणात टायर मडगार्डच्या अस्तराला घासण्याची शक्यता राहील, इंधन अधिक लागेल आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगू लागेल. रुंद टायरने गाडी भारदस्त दिसते, हे मात्र खरे.

चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर कंपनीने ठरवलेला आकार आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. तीच पट्टी प्रमाण मानावी. आकारानंतर येणारा ‘१०४ एच’सारखा मजकूरही तितकाच महत्त्वाचा आहे. १०४ हा भारांक, म्हणजे एका टायरने ९०० किलो वजन पेलावे, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगाची चाचणी. भारांक १००चा टायर ८०० किलोच पेलतो. सात माणसे, सामान आणि छतावर कॅरिअर अशा अवस्थेत घाट चढणाऱ्या गाडीला मूळ भारांकापेक्षा कमी टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

ऑल टेरेन टायर आपल्याला नकोत. त्यांच्या मोठ्या, विरळ गोट्या खडी, चिखल आणि शेतातल्या कच्च्या रस्त्यावर उत्तम काम करतात. पण डांबरावर ते अधिक आवाज करतात, जड असतात आणि ओल्या पक्क्या रस्त्यावर थांबायला सहसा जास्त अंतर घेतात. आपली गाडी शहरात, कोकणच्या रस्त्यावर आणि समृद्धीवर चालते, म्हणून आपल्याला पक्क्या रस्त्यासाठीचे हायवे टेरेन, म्हणजे एच/टी प्रकारचे टायर योग्य ठरतील. कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न प्रत्येक पत्रात असतोच. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा, मिशलिन या सर्वांकडे चांगले आणि साधारण, असे दोन्ही प्रकारचे टायर आहेत, तेव्हा नावापेक्षा मॉडेल पाहावे. जो टायर सर्वाधिक किलोमीटर चालण्याचे आश्वासन देतो, त्याचे रबर बहुधा कडक असते आणि त्याची किंमत ओल्या रस्त्यावरच्या पकडीत मोजावी लागते. कुटुंबाच्या गाडीसाठी मी पाच-सात हजार किलोमीटर कमी चालणारा, पण पावसात चांगला थांबणारा टायर निवडेन. एकाच अॅक्सलवर मात्र दोन्ही टायर त्याच कंपनीचे आणि त्याच नक्षीचे असावेत.

खरेदीच्या वेळी आयएसआय चिन्ह आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का पाहावा; ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. टायरबरोबर रबरी व्हॉल्व्हही नवे बसवून घ्यावेत, बॅलन्सिंग करून घ्यावे, आणि बोल्ट नुसते हवेच्या गनने न आवळता शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासायला सांगावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल पक्के घ्यावे आणि त्यावर तोच दर लावला आहे का हे पाहावे. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी बेताने चालवावी. यापुढे दर आठ ते दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करत राहिलात, तर चारही टायर साधारण एकाच वेळी संपतील. आपल्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे टायर उलटसुलट बाजूंनी पुढे, असा क्रम ठेवावा. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर मात्र ज्या त्या बाजूलाच पुढे-मागे करावे.

प्रश्न : आम्ही मुंबईत असतो आणि गाडी गावच्या घरी उघड्यावर उभी असते. आठ वर्षांत ती जेमतेम १८ हजार किलोमीटर चालली. टायरची गोटी भरपूर आहे, पण बाजूला बारीक भेगा दिसतात. टायर बदलायलाच हवेत का? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : होय, बदलावेत. टायर चालवून झिजतो, तसा उभा राहूनही म्हातारा होतो. रबरात ओझोनपासून संरक्षण करणारी मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात आणि टायर रस्त्यावर फिरताना लवचिकपणे दबतो-सुटतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभीच राहिली तर हे घडत नाही, वरून ऊन लागते आणि भेगा पडतात. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करण्याचा आणि दहा वर्षांनंतर गोटी शिल्लक असली तरी टायर काढून टाकण्याचा सल्ला देतात. उघड्यावर राहिलेल्या आणि भेगा दिसू लागलेल्या टायरसाठी मी दहाची वाट पाहणार नाही. स्टेपनीचे वयही तेवढेच आहे हे विसरू नये. नवे टायर घेतल्यावर गाडीवर आच्छादन घाला, आणि गावी कोणी असेल त्याला पंधरवड्यातून एकदा गाडी थोडी फिरवायला सांगा.

प्रश्न : उन्हाळ्यात हवा प्रसरण पावून टायर फुटतो, म्हणून दोन-चार पीएसआय हवा कमी ठेवावी, असे आमच्याकडे सगळे सांगतात. नायट्रोजन भरल्यास हा धोका टळतो का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : हवा कमी ठेवणे हाच धोका आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्या दबण्या-सुटण्याने आतून तापतो, आणि तास-दोन तास सलग वेगाने धावल्यावर त्याचे थर सुटू लागतात. दाराच्या खांबावरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणून हवा सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत तपासावी. सकाळी ३३ असलेली हवा दुपारी लांबच्या प्रवासात ३७-३८ दाखवू शकते. ही वाढ टायर बनवताना गृहीत धरलेली असते, म्हणून गरम टायरमधली हवा कधीही सोडू नये. पूर्ण भार असेल, तर पट्टीवरचा त्यासाठीचा मोठा आकडा वापरावा.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतर टायर फुटण्याचे खापर काँक्रीटवर फोडले गेले. काँक्रीटपेक्षा गोटा झालेले, वयस्क आणि कमी हवेचे टायर शेकडो किलोमीटर न थांबता पळवणे हे अधिक मोठे कारण आहे. परिवहन विभागाने तेथे गुळगुळीत टायरच्या गाड्या प्रवेशापाशीच अडवायला सुरुवात केली, ते याच कारणाने योग्य होते. नायट्रोजनविषयी सांगायचे, तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. दाब थोडा सावकाश उतरतो आणि ओलावा कमी राहतो, इतकाच त्याचा लाभ आहे. फुकट मिळत असेल तर भरावा, पण त्याच्या भरवशावर महिनोन्महिने दाब न तपासणे बरे नव्हे.

प्रश्न : ट्यूबलेस टायरच्या काठाजवळ खिळा घुसला होता. पंक्चरवाल्याने बाहेरून पट्टी घालून दिली. चालेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : छिद्र जमिनीला टेकणाऱ्या मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तरच दुरुस्ती टिकाऊ मानता येते. तीही टायर रिमवरून उतरवून, आतून मशरूम पॅच (छिद्रात देठ आणि आत टोपी बसणारे ठिगळ) लावून केलेली हवी. बाहेरून घातलेली पट्टी दुकानापर्यंत पोहोचण्यापुरती असते. खांद्यावर किंवा बाजूवर छिद्र असेल, तर तेथील थर सतत वाकत असल्यामुळे कोणतीही पट्टी भरवशाची नाही आणि टायर बदलावाच लागतो. पंक्चर झाल्यावर गाडी काही अंतर तशीच चालवली असेल, तर टायर उतरवल्यावर आत रबराचा काळा चुरा साचलेला आहे का हे स्वतः पाहावे. तसा चुरा दिसला, तर छिद्र कुठेही असो, तो टायर पुन्हा बसवू देऊ नका.