ट्रॉलीची शटर, चिकट तेल आणि रंगाचा डबा: वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात किचनच्या कपाटांचे इतके प्रश्न आलेत की बाकी सगळं बाजूला ठेवलंय.

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं किचन जुनं आहे, प्लायवूडची शटर, त्यावर पांढरा ऑइल पेंट. आता पांढऱ्याचा पिवळा झालाय आणि शेगडीच्या बाजूच्या दोन शटरचे तर पापुद्रे निघतायत. मिस्टर म्हणतात दुकानातला सगळ्यात महागडा डबा आणू म्हणजे कटकट नको. नक्की कुठला घ्यायचा? एकूण १२ शटर आहेत. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, डब्याचं सांगतो पण आधी एक काम करा. शेगडीजवळच्या शटरवर हँडलच्या शेजारी मास्किंग टेप चिकटवा आणि ओढून बघा. आपसूक सुटून हातात आली तर तिथे टेपच धरत नाही, रंग काय धरणार? वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचं तेल, हाताचा घाम, वाफ याचा एक चिकट थर तिथे बसलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण नखाने खरवडला की तपकिरी मेण निघतं तसं निघतं. किचनमधला रंग सुटायचं सगळ्यात मोठं कारण हे, आणि पेंटर लोक नेमकं हेच टाळतात कारण धुण्याचे पैसे कोणी देत नाही.

तर शटर बिजागरीसकट उतरवा. प्रत्येकाच्या बिजागरीच्या खड्ड्यात टेप लावून नंबर टाका, तसाच नंबर कपाटाच्या आत, नाहीतर परत लावताना एकही गॅप जुळत नाही. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, हातात ग्लोव्हज, आणि स्क्रबरने हँडलची बाजू नि कडा घासायच्या. पाणी ओतायचं नाही, प्लाय आहे ती. सोडा जास्त वेळ ठेवायचा पण नाही, पुसून घ्या आणि मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा तरी पुसा, सोड्याचा अंश राहिला तर तोही रंग उचलतो. सुकू द्या. सुटलेले पापुद्रे पत्रीने काढा, १८० नंबरच्या पेपरने घासा, मग २२० ने. जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही, घट्ट बसलाय तो राहू दे, त्याची चकाकी फक्त मारायची.

खड्डे असतील तर लांबी भरा, पण भिंतीची पांढऱ्या सिमेंटवाली पुट्टी नको. दुकानदार बिनधास्त तीच देतो. लाकूड फुगतं आकसतं, ती तडकते. वूड फिलर नाहीतर एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी, म्हणजे लाकडाची पुट्टी मागा. मग वूड प्रायमरचा एक हात, सुकल्यावर ३२० ने हलकं फिरवा, धूळ पुसा, मग रंग.

आता डबा. साधा ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल (अ‍ॅपकोलाइट, लक्सोल वगैरे नावं तुम्हाला पाठ असतील) मजबूत असतो, चकाकी छान, पण पांढरा असेल तर काळाच्या ओघात पिवळा पडतोच, आणि गंमत म्हणजे उन्हात नाही, अंधारात जास्त पडतो. म्हणून शटरची आतली बाजू बघा, बाहेरपेक्षा पिवळी असेल. तुम्हाला पांढराच हवा असेल तर वॉटर बेस्ड इनॅमल घ्या, तो असा पिवळा पडत नाही, वासही कमी. फिनिश सॅटिन. ग्लॉसमध्ये प्लायचा प्रत्येक उंचवटा दिसतो आणि मॅटवर मसाल्याचे डाग बसतात.

आणि मिस्टरांचं म्हणणं अगदीच चूक नाही हं. दीड बाय अडीच फुटाची १२ शटर दोन्ही बाजूंनी धरली तर ९० चौरस फूट होतात, एका हाताला १ लिटर साधारण १०० ते १५० चौरस फूट जातो, म्हणजे दोन हातांना २ लिटर डोळे झाकून पुरतो. दोन डब्यांत स्वस्त नि महाग यात फरक तो कितीसा, इथे कंजूषपणा नको. फक्त महाग डबा तेलावर मारायचा नाही.

मारताना शटर आडवं ठेवा, आधी मागची बाजू, मग पुढची. सपाट भागाला ४ इंची फोमचा रोलर आणि खाचांना ब्रश. पातळ दोन हात मारा, जाड एक नको, तो कडेवरून ओघळतो आणि सुकल्यावरच दिसतो!

प्रश्न : इंटीरियरवाल्याने कपाटांना पीयू (पॉलियुरेथेन) रंग सुचवलाय. दोन मित्र म्हणतात घरीच मारता येतं, ऑनलाइन सगळं मिळतं. खरं का? (वाचक, पुणे)

उत्तर : मिळतं सगळं, पण मी म्हणेन घरी नकोच. पीयू म्हणजे दोन डबे, बेस आणि हार्डनर, ठरलेल्या मापात मिसळायचे, आणि एकदा मिसळलं की काही तासांत संपवायचं, उरलेलं घट्ट होऊन फेकायचं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवारताना ते श्वासातून गेलं की दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो, त्याला नाकावर रुमाल बांधून भागत नाही, फिल्टरचा मास्क लागतो. आणि थिनरची वाफ किचनमध्ये, गॅसची शेगडी शेजारी, फ्रिज चालू... नको रे बाबा.

शटर काढून वर्कशॉपला पाठवा, तिथे स्प्रे बूथमध्ये धूळही बसत नाही. फिनिश मात्र पीयूला तोड नाही, ओलं फडकं, लिंबू, तेल सगळं सोसतं. एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, पीयूवर ओरखडा पडला तर तेवढाच भाग टचअप केलेला दिसतो, बहुतेक वेळा अख्खं शटर परत करावं लागतं. घरात लहान मुलं सायकल फिरवत असतील तर खालच्या ट्रॉल्यांचा विचार करा.

प्रश्न : सनमायकावर रंग बसतो का? (वाचक, नाशिक)

उत्तर : बसतो, पण सनमायका सगळीकडे घट्ट हवा. कडा उचलल्या असतील तर आधी त्या चिकटवा. २२० ने घासून चकाकी पूर्ण घालवायची आणि मग गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा बाँडिंग प्रायमर, साधा वूड प्रायमर इथे नखाने निघतो. खरं सांगू? अर्ध्याहून जास्त शटरच्या कडा सुटल्या असतील तर रंगावर खर्च करू नका, सनमायकाच बदला. आणि सिंकखालचं शटर फुगून प्लायचे थर सुटले असतील तर त्याला कुठलाच रंग वाचवत नाही, ते नवीनच करा, प्लायवर आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून घ्या.

प्रश्न : गणपतीच्या आधी कपाटं रंगवायची आहेत, इथे पाऊस धो धो. चालेल? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : काकू, गणपती तर भाद्रपदात, त्याआधीचे दोन महिने तुमच्याकडे कपडे वाळत नाहीत तिथे रंग कसा वाळणार! ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो आणि एनसी लॅकर मारला तर दमट हवेने पांढुरकी झाक येते. अगदीच हवं असेल तर वॉटर बेस्ड, बंद खोलीत पंखा लावून, दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ देऊन, आणि सलग पावसाचे दिवस सोडून. नाहीतर दिवाळीला करा, दसऱ्यानंतर हवा कोरडी होते आणि पेंटरही तेव्हा शोधावा लागतो हे खरं, म्हणून आत्ताच सांगून ठेवा.

आणखी एक, हाताला सुकलेला वाटला तरी रंग आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ओल्या फडक्याने घासू नका, शटर बंद करताना कपाटाच्या कडेला चिकटू नये म्हणून कोपऱ्यात छोटे रबरी बटण लावा.

प्रश्न : घरात रांगणारं बाळ आहे. जुना रंग घासताना शिशाची भीती असते असं ऐकलं. (वाचक, नागपूर)

उत्तर : भीती रास्त आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या इनॅमलची खात्री नाही, विशेषतः पिवळ्या नि लाल छटांची. बाळाला त्या दिवसांत आजोळी पाठवा, पेपर ओला करून घासा म्हणजे धूळ उडत नाही, कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्यानेच पुसा आणि ते फडकं फेका. शक्य असेल तर घासणं बाहेर गच्चीवर.

प्रश्न : पांढऱ्या शटरवर हळदीचा डाग. काय लावू? (वाचक, सांगली)

उत्तर : काही घासू नका, चकाकी जाईल. साबणाच्या पाण्याने पुसा आणि शटर काढून उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने फिका पडतो. आणि डाग पडल्या पडल्या पुसला तर उन्हात न्यायची वेळच येत नाही.