उंदराचं रक्त वाढलं, पण कशानं?

प्रश्न : तीन महिने माझे हिमोग्लोबिन ९ वर अडले आहे. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडते. एका बातमीत वाचले, की पारंपरिक औषधी पाल्याचा अर्क दिल्यावर प्रयोगशाळेतल्या उंदरांचे हिमोग्लोबिन दोन आठवड्यांत ८ वरून १४ वर गेले. गोळ्या सोडून हा पाला सुरू करू का?

उत्तर : गोळ्या परस्पर सोडू नका. पोटाची तक्रार डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, कधी दिवसाआडही चालते. आता उंदरांकडे येते, कारण माझी बावीस वर्षं त्यांच्याच पिंजऱ्यांपुढे गेली आहेत.

त्या उंदरांना रक्तक्षय झाला कसा, हे बातमीत सहसा नसतं. बरेचदा तो फेनिलहायड्रॅझिन नावाचं रसायन टोचून आणलेला असतो. वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम, ओळीनं दोन दिवस, हा एक नेहमीचा डोस. त्यानं तांबड्या पेशी फुटतात, प्लीहा वाढते. पण फुटलेल्या पेशींमधलं लोह बरंचसं अंगातच राहतं आणि अस्थिमज्जा तेच वापरून नव्या पेशी घडवते. तुमच्या अंगात लोहाचाच खडखडाट असेल, तर तुमचं दुखणं वेगळं.

माझ्या पहिल्याच प्रयोगात अर्क घेतलेले सहाही उंदीर चौदाव्या दिवशी ठणठणीत होते. वहीत लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलं. मग नुसतं पाणी दिलेल्या सहांचं रक्त तपासलं, तर तेही जवळपास तिथंच! फेनिलहायड्रॅझिनचा उंदीर दोनेक आठवड्यांत आपला आपणच सावरतो. सरांनी वही चाळून एवढंच विचारलं, "सातव्या दिवसाचं रक्त कुठंय?" ते मी घेतलंच नव्हतं. अर्कात गुण असलाच, तर तो त्या मधल्या दिवसांत दिसतो, कोवळ्या तांबड्या पेशी किती लवकर वाढल्या त्यावरून. आणि अर्क रसायनाच्या आधीपासून दिला असेल, तर त्यानं रक्त वाढवलं नसून फक्त पेशी फुटू दिल्या नाहीत, असंही असू शकतं.

तुमच्या दुखण्याच्या जवळ जाणारा प्रयोग म्हणजे उंदरांच्या पिल्लांना काही आठवडे लोह नसलेलं खाद्य देणं. तो कटकटीचा. उंदीर गंजके गज चाटतात, स्वतःच्या लेंड्या खातात आणि लोह मिळवतात. शिवाय लोह शोषायला मदत करणारं क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरातच तयार होतं, आपल्या नाही. पाल्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, आपल्या आतड्यात लोह अडवतात. उंदराला त्याची तेवढी झळ लागत नाही. म्हणजे उंदराला मानवलेला पाला तुमच्या गोळीच्या आड येऊ शकतो.

डोसचंही तेच. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिलं, तर माणसाचा हिशेब करताना त्याला साधारण सहानं भागतात. ६० किलोच्या माणसाला सुमारे दोन ग्रॅम. तेही अर्काचे, पाल्याचे नव्हेत.

आधी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. लोह कमी निघालं, तर ते कुठं जातंय हे शोधायला हवं. पाळीत जास्त रक्त जाणं किंवा पोटातला छुपा रक्तस्राव ही नेहमीची कारणं. ब१२ कमी असेल, तर उपचारच वेगळा. बातमीमागचा मूळ शोधलेख हाती लागला तर जरूर पाठवा. नुसतं पाणी दिलेल्या उंदरांचा चौदाव्या दिवसाचा आकडा मी सगळ्यात आधी बघेन.